नाव पैसे भरल्यावर

अमेरिकेत राहून छापील भावात हॉटेलची खोली घेतलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. असतील काही, पण ते कबूल करत नाहीत. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये गणपतीची आरती आटोपून हातावर प्रसाद पडला की गप्पा उन्हाळ्यातल्या सहलींकडे वळतात. वॉशिंग्टन कसं होतं, नायगारा कसा वाटला, हे कुणी विचारत नाही. "खोली कितीला पडली?" हा पहिला प्रश्न. आपण आकडा सांगायचा. समोरचा क्षणभर गप्प राहतो आणि मग अगदी मायेनं म्हणतो, "बरी मिळाली की. आम्हाला साठला मिळाली होती. चार तारे." त्यानंतर तोंडातला मोदक खोबऱ्याचा आहे की भुशाचा, ते कळेनासं होतं.

हे साठवाले लोक खोली घेतात कुठून, तर बिननावाच्या हॉटेलांतून. इंटरनेटवर अशी दुकानं आहेत जिथे हॉटेलबद्दल सगळं सांगतात, फक्त नाव सांगत नाहीत. तारे किती ते सांगतात. शहराच्या नकाशावर एक रंगीत ठिगळ दाखवतात, हॉटेल त्या ठिगळात कुठेतरी असतं. पोहण्याचा तलाव आहे, व्यायामशाळा आहे, राहून गेलेल्यांनी दहापैकी 8.2 गुण दिलेत, हेही सांगतात. शेजारी मूळ भाव लिहून त्याच्यावर काट मारलेली असते आणि खाली लाल अक्षरांत नवा भाव असतो. आपण कार्डाचा नंबर घालायचा, बटण दाबायचं, मग पडदा वर जातो आणि नाव दिसतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि ते परत येणारे नसतात.

बटण दाबण्याआधीच्या संध्याकाळी आमच्या घरी जे चालतं त्याला शोधकार्य म्हणता येईल. एका खिडकीत बिननावाचं हॉटेल, दुसऱ्या खिडकीत त्याच भागातल्या नाव असलेल्या हॉटेलांची यादी, आणि मी मधे. चार तारे, तलाव बंदिस्त, कुत्र्याला प्रवेश, विमानतळाची फुकट गाडी नाही. यादीतल्या पहिल्या हॉटेलात कुत्रा चालत नाही, काट. दुसऱ्याचा तलाव गच्चीवर, काट. तिसऱ्याचे गुण 8.4, पण काल 8.3 होते, म्हणजे घसरतायत, म्हणजे उद्या 8.2 होऊ शकतात. मी टाळी वाजवतो. बायको शेजारच्या खोलीतून विचारते, "सापडलं?"

"नव्वद टक्के तेच आहे."

"मग त्यांच्याच साइटवर जाऊन घे की."

"तिथे चाळीस डॉलर जास्त आहेत."

"तू चार तास बसलायस."

या वाक्याचा आणि हॉटेलचा संबंध काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या वेळेला भाव असता तर मी तोही कुठल्यातरी साइटवर काट मारूनच विकला असता.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले आणि या संशोधनाला पहिल्यांदा परीक्षक लाभला. बाबांची सगळी नोकरी सहकारी बँकेच्या ऑडिटमध्ये गेली. घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंतचा खर्च ते खिशातल्या छोट्या वहीत लिहितात आणि रात्री झोपण्यापूर्वी बेरीज मारतात. मी वॉशिंग्टनची खोली शोधत असताना ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"नाव काय हॉटेलचं?"

"ते पैसे भरल्यावर कळतं, बाबा."

"आणि नाही आवडलं तर?"

"पैसे परत मिळत नाहीत."

"तारीख बदलून?"

"नाही."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "आमच्याकडे असं एक कर्ज दिलं होतं," ते म्हणाले. "चेअरमनच्या मेहुण्याला."

बाबांची खोली घेण्याची रीत आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरलं की एजंट अंगावर येतात. त्यांच्यातला त्यातल्या त्यात गरीब चेहऱ्याचा निवडायचा आणि त्याच्याबरोबर खोली बघायला जायचं. तिथे बाबा गादी दाबून बघत. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडत आणि पाणी गरम होईपर्यंत त्याखाली हात धरून उभे राहत. फ्लश ओढत, खिडकी उघडत, खिडकीबाहेर जे काही दिसेल त्याला नाक मुरडत. मग भाव विचारत, भाव ऐकून एक शब्द न बोलता जिना उतरू लागत. आम्ही भावंडं जिन्यात मोजत असू, कितव्या पायरीला हाक येते ते. "साहेब, ओ साहेब, बोला तरी!" ही हाक आली की बाबा आणखी दोन पायऱ्या उतरत. त्या दोन पायऱ्यांतच सगळा नफा होता.

"इथे पायऱ्या कुठेत?" बाबांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

पूर्वी होत्या, बाबा. थोडे उशिरा आलात. जे वॉकर नावाच्या गृहस्थांनी 1997 मध्ये प्राइसलाइन ही कंपनी काढली आणि 1998 मध्ये ती इंटरनेटवर आली. तिथे गिऱ्हाईकच भाव बोलायचं: मला या शहरात, या भागात, इतक्या ताऱ्यांची खोली इतक्या डॉलरला हवी. कुणा हॉटेलाला परवडलं तर सौदा पक्का, पैसे कार्डातून वजा. या रीतीचं त्यांनी अमेरिकन सरकारकडून पेटंटही मिळवलं. हे ऐकून बाबा खुर्चीत बसले. "भाव करायचं पेटंट?" त्यांनी दोनदा विचारलं. साताऱ्याच्या मंडईत मेथीची जुडी उचलणारी प्रत्येक बाई गेली कित्येक वर्षं कुणाचं तरी पेटंट मोडत होती, हा विचार त्यांना त्या रात्री झोपेपर्यंत पुरला.

प्राइसलाइनच्या जाहिरातीत स्टार ट्रेकचा कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर. लोकांना ही भाव बोलायची कल्पना इतकी आवडली की पुढे याच धर्तीवर किराणा आणि पेट्रोलसुद्धा विकायला एक वेगळी कंपनी निघाली. दुधाला आपण भाव बोलायचा! ती 2000 सालीच मिटली. त्याच वर्षी हॉटवायर आलं. तिथे बोली लावायची भानगड नव्हती, भाव समोर लिहिलेला आणि फक्त नाव झाकलेलं. पुढे प्राइसलाइननंही तोच मार्ग धरला. 2012 मध्ये तर त्यांनी जाहिरातीत शॅटनरला पुलावरून कोसळणाऱ्या बससकट मारून टाकलं आणि त्याच वर्षी पुन्हा जिवंत केलं. हॉटेलांवर बोली लावण्याची सोय मात्र 2020 मध्ये गेली, ती परत जिवंत झाली नाही.

त्या बोलीच्या दिवसांची आठवण काढली की आमच्या पिढीतले इंजिनिअर अजून हळवे होतात. एकदा बोली नाकारली की तीच बोली चोवीस तास लावता येत नसे. पण शहराचा आणखी एक भाग जोडला तर लगेच पुन्हा बोलता येई. म्हणून आम्ही असे भाग शोधून ठेवले होते जिथे चार ताऱ्यांचं एकही हॉटेल नाही. ते भाग एकेक करून जोडायचे आणि पाच-पाच डॉलरनं बोली चढवायची. आयआयटीतून शिकून आलेले, दिवसा विमानांच्या इंजिनांची गणितं करणारे लोक रात्री एक वाजता एकमेकांना फोन करून सांगत, "अरे, ओकलंड जोड, तिकडे काहीच नाही!" ओकलंडच्या महापौरांच्या कानावर हे गेलं नाही ते बरं.

"पण हॉटेलवाले असं करतात कशाला?" बाबांनी विचारलं. "तोट्यात?"

"आजची रात्र रिकामी गेली तर ती उद्या विकता येत नाही, बाबा. म्हणून मिळेल त्या भावात काढतात."

"मग पाटी लावायची, सेल म्हणून."

"पाटी लावली तर ज्यांनी पूर्ण भाव दिलाय ते भांडायला येतील."

बाबांना हे लगेच पटलं. उधारी वसूल होत नाही म्हटल्यावर कुणाला किती सूट दिली हे भिंतीवर लिहायचं नसतं, एवढं त्यांना बँकेनं शिकवलं होतं. "म्हणजे नाव झाकलंय ते आपल्यापासून नव्हे," ते म्हणाले. "शेजारच्या खोलीतल्यापासून." मी इतकी वर्षं या साइटींवर घालवली, पण इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

नायगाराची खोली मात्र बायकोनं मला बिननावाची घेऊ दिली नाही. त्यामागे आमच्या ओळखीतल्या एकाची कथा आहे. धबधब्याच्या दोन्ही काठांना दोन वेगळी शहरं आहेत आणि दोन्हींचं नाव नायगारा फॉल्स. एक न्यूयॉर्क राज्यात, एक कॅनडातल्या ऑन्टारिओत. या गृहस्थांना अप्रतिम सौदा मिळाला: चार तारे, धबधब्याचा देखावा, निम्मा भाव. पडदा वर गेला तेव्हा हॉटेल पुलापलीकडे, कॅनडात. ते आणि त्यांची बायको अमेरिकन नागरिक, त्यांना अडचण नव्हती. बरोबर आलेल्या आई-वडिलांकडे भारताचा पासपोर्ट, त्यांना कॅनडाचा व्हिसा हवा. शेवटी मुलगा-सून पलीकडच्या चार ताऱ्यांत झोपली कारण पैसे भरले होते, आणि आई-वडिलांसाठी अलीकडे वेगळी खोली घेतली, छापील भावात. असं म्हणतात की रात्री धबधब्यावर रंगीत दिवे सोडले तेव्हा दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या दिशेनं हात हलवले. गणपतीत हे गृहस्थ फक्त पलीकडच्या खोलीचा भाव सांगतात.

वॉशिंग्टनला मी निर्धास्त होतो. ऑगस्टमध्ये तिथे काँग्रेसला सुट्टी असते. खासदार, त्यांचे सल्लागार, सल्लागारांना जेवू घालणारे, सगळे गावाला गेलेले असतात आणि उकाड्यामुळे बाकीचेही येत नाहीत. मोठमोठी हॉटेलं ओस पडतात. मी बटण दाबलं, नाव आलं आणि ते खरोखर मोठं नाव होतं. व्हाइट हाउसपासून चालत जाण्याजोगं, लॉबीत संगमरवर, छताला झुंबर. ज्या खोलीवर 239 लिहून काट मारली होती ती मला 128 ला मिळाली होती. बाबांनीसुद्धा "हं" केलं. बाबांचं "हं" म्हणजे पारितोषिक असतं.

कर सोडून, हे सांगायचं राहिलं. वॉशिंग्टनमध्ये हॉटेलवर सुमारे 16 टक्के कर पडतो. हे बाबांना लॉबीतच कळलं आणि त्यांनी झुंबराखाली उभं राहून वही काढली.

गाडी दारात थांबताच गणवेशातल्या मुलानं अदबीनं किल्ली मागितली. आईला त्याचं फार कौतुक वाटलं. "बघ, किती नम्र." त्या नम्रतेचे एका रात्रीचे 62 डॉलर होते, हे आत काउंटरवर कळलं. दोन रात्रींचे 124. बाबांनी पेन थांबवलं. "गाडीला खोली वेगळी दिलीय का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही स्मिथसोनियनची संग्रहालयं पाहिली. राइट बंधूंचं विमान, चंद्रापर्यंत जाऊन आलेलं यान, हत्ती, हिरे. सगळीकडे प्रवेश फुकट. बाबा प्रत्येक संग्रहालयाच्या दारात थबकून पुन्हा खात्री करून घेत. बाहेर येऊन त्यांनी निष्कर्ष काढला, "म्हणजे या देशात चंद्रापर्यंत गेलेलं यान फुकट बघायला मिळतं, पण गाडी उभी करायला 62."

पण हे दुसऱ्या दिवशीचं झालं. पहिली रात्र अजून काढायची आहे.

काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव संगणकात घातलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक फार सूक्ष्म बदल झाला. हा बदल ज्यांनी पाहिलाय त्यांनाच कळेल. हसू तसंच राहतं, पण मागचा दिवा कुणीतरी मालवतं. तिला कळलेलं असतं की हा त्या दारानं आलेला आहे. "किंग बेड, एक," ती म्हणाली.

"आम्ही चौघं आहोत."

"बुकिंग दोन व्यक्तींचं आहे, सर."

ते खरं होतं. या सौद्यांत साधारण दोघांची सोय गृहीत असते, आणि पलंग एक की दोन ते हॉटेल काय शिल्लक राहिलंय ते बघून ठरवतं. मी शिल्लक राहिलेल्यांतली दोन पलंगांची मागितली. ऑगस्टच्या ओसाड वॉशिंग्टनमध्ये, जिथे खासदारसुद्धा नव्हते, तिथे दोन पलंगांची एकही खोली शिल्लक नव्हती. घडीचा एक पलंग मिळाला, 30 डॉलर रोज. बाबांच्या वहीत नवी ओळ.

खोली सातव्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला. किल्ली लावताना शेजारच्या कोनाड्यातून थंडगार गुरगुर ऐकू आली. तिथे बर्फाचं मशीन होतं. अमेरिकन माणूस हॉटेलात आल्यावर काय करतो, याबद्दल माझ्या काही कल्पना होत्या, त्या सगळ्या त्या रात्री बदलल्या. तो बर्फ नेतो. रात्री अकराला नेतो, साडेबाराला नेतो, पहाटे तीनला अनवाणी येऊन प्लॅस्टिकची बादली खाली धरतो आणि बटण दाबतो. मग टोपलीभर दगड पत्र्यावर ओतावेत तसा आवाज होतो. प्रत्येक वेळी घडीच्या पलंगावरून बाबा म्हणत, "कोण आहे?" आणि किंग बेडच्या एका कडेवरून आई म्हणे, "बर्फ आहे, झोपा." त्या किंग बेडवर एका कडेला आई, दुसऱ्या कडेला माझी बायको आणि गालिच्यावर उशी घेऊन मी, अशी एकूण रचना होती. चार तारे मी छताकडे बघत मोजले.

सकाळी आईनं विचारलं, "इतका बर्फ नेऊन करतात काय?" याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तिनंही उत्सुकतेपोटी एक बादली भरून आणली. ती वितळेपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत बसलो.

नाश्ता खाली होता, माणशी 29 डॉलर. बाबांनी मेनू वाचला, मिटला आणि आईकडे बघितलं. आईनं बॅगेतून मेथीचे ठेपले काढले. एडिसनहून निघताना मी तिला सांगितलं होतं, "आई, चार ताऱ्यांचं हॉटेल आहे, ठेपले नको." खोलीत कॉफीचं मशीन होतं, त्यात तिनं चहा करून दाखवला. चहाला कालच्या कुणाच्यातरी कॉफीचा वास येत होता.

तेवढ्यात बायकोनं फोन उचलला. गुप्त सौदा झाल्यानंतर त्याच हॉटेलाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन त्याच तारखेचा भाव बघायचा नाही, हा या धंद्यातला एकमेव नियम. तो मोडण्याची तिला सवय आहे. तिनं वाचायला सुरुवात केली. सदस्यांसाठी 139. सदस्य होणं फुकट. दोन क्वीन बेड. रद्द केलं तर पैसे परत. "आणि पॉइंट मिळतात," ती म्हणाली. आमच्या सौद्यावर पॉइंट नव्हते. हॉटेलाच्या लेखी आम्ही त्या रात्री तिथे राहिलोच नव्हतो.

"अकरा डॉलर वाचले," मी म्हणालो.

"घडीच्या पलंगाचे तीस."

"तो वेगळ्या खात्यात," मी म्हणालो. हे बाबांना ऐकू गेलं. आयुष्यभर लोकांनी खर्च वेगळ्या खात्यात टाकलेले शोधून काढणाऱ्या माणसानं माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्यांनी मी दहावीला असतानाही बघितलं नव्हतं.

लास व्हेगासची तऱ्हा निराळी. तिथे खोली स्वस्तच असते. आठवड्याच्या मधल्या वारी तर वाटतं हॉटेलवालेच आपल्याला पैसे देऊन बोलावतायत. काही वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा आले होते तेव्हा मला तिथे 41 डॉलरला खोली मिळाली होती, बिननावाची, बाबांना कळू न देता घेतलेली, आणि निघाली ती एका कारंज्यांच्या राजवाड्यात. काउंटरवर कळलं की वर रोजची रिसॉर्ट फी आहे 39 डॉलर, ती इथेच भरायची. साइटवर होतं तसं लिहिलेलं, पण ज्या आकाराच्या अक्षरांत औषधाच्या बाटलीवर दुष्परिणाम लिहितात त्या आकारात. मॅनहॅटनच्या हॉटेलांना स्वतःला रिसॉर्ट म्हणवून घ्यायला संकोच वाटतो म्हणून तिथे तीच फी डेस्टिनेशन फी या नावानं घेतात. पुढे या फीबद्दलच्या तक्रारी इतक्या झाल्या की 12 मे 2025 पासून अशा सक्तीच्या फिया धरून एकूण भाव आधीच दाखवावा लागतो. फी गेली नाही, फक्त आधी दिसू लागली.

आमच्या वेळी ती नंतर दिसली. "या 39 मध्ये मिळतं काय?" बाबांनी विचारलं. मुलीनं यादी दिली: इंटरनेट, व्यायामशाळा, स्थानिक फोन, विमानाचा बोर्डिंग पास छापून मिळेल. बाबांनी यादीवर बोट ठेवलं. भरलेल्या पैशाचा मोबदला पुरेपूर घ्यायचा हे ठरलं.

व्यायामशाळा आईच्या वाट्याला आली. नऊवारी नव्हे, पाचवारीत, पदर खोचून, ती धावपट्टीवर अत्यंत सावकाश चालली. शेजारच्या पट्टीवर घामानं निथळणारा दणकट गोरा मध्येच थांबून तिला म्हणाला, "ग्रेट पेस, मॅम." आई त्याला मराठीत म्हणाली, "आमचा अजिंक्यतारा बघा मग." बोर्डिंग पासच्या बाबांनी प्रत्येकी तीन प्रती छापून घेतल्या. उरले स्थानिक फोन. लास व्हेगासमध्ये आमच्या ओळखीचं कुणीही नव्हतं. बाबा पलंगाच्या कडेवर बसून टेलिफोनकडे बघत विचार करत होते. मग त्यांनी खालच्या काउंटरला फोन लावला आणि किती वाजले ते विचारलं. दुपारी परत लावला. तिसऱ्यांदा त्या मुलीनंच ओळखून वेळ सांगितली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पैसे वाचतात. माझ्या बायकोनं हे वाचलं तरी मी सांगणार. माणूस एकटा असावा, गाडी नसावी, फक्त झोपायला खोली हवी असावी आणि पलंग गोल असला तरी चालेल अशी तयारी असावी. शहर मोठं हवं. शनिवारी ऑफिसांचा भाग रिकामा होतो तेव्हा तिथली उंची हॉटेलं खरंच निम्म्यावर येतात. रात्री आठ वाजता आजचीच खोली घेणाऱ्याला तर लॉटरी लागते. आमच्या ऑफिसातला एक अविवाहित मुलगा असाच पाठीवर पिशवी टाकून अर्धी अमेरिका फिरला. पण त्याला आई-बाबा नाहीत बरोबर, ठेपले नाहीत, दोन पलंग नकोत, आणि मुख्य म्हणजे त्याच्या मागे वही घेऊन कुणी उभं नाही. ज्याला कुठेही झोप लागते त्याच्यासाठी जगातली सगळीच हॉटेलं स्वस्त असतात.

बाकीच्यांचं आमच्यासारखं होतं. वाचलेले पैसे गाडी खाते, गाडीतून उरलेले पलंग खातो. राहतो तो भाव, सांगण्यापुरता. पण तो भाव हातात असला की लॉबीतून चालण्याची चाल बदलते, हेही खरंय. लिफ्टमध्ये सूट घातलेला एखादा गृहस्थ शेजारी उभा असतो. त्यानं 239 भरलेत, आपण 128. तो बर्फाच्या मशीनपासून लांब झोपतो, ही बाब त्या क्षणी मनात येत नाही.

वॉशिंग्टनहून परत आल्यावर बाबांनी जेवणाच्या टेबलावर वही उघडून हिशेब मांडला. डावीकडे वाचलेले, उजवीकडे गेलेले, खाली दोन रेघा. एडिसनजवळच्या हमरस्त्यावर असतात तशा साध्या, नाव लिहिलेल्या हॉटेलात, जिथे गाडी फुकट उभी राहते आणि सकाळी फुकट वॉफल मिळतं, तिथे राहून मेट्रोनं शहरात गेलो असतो तर काय झालं असतं, याचा वेगळा तक्ता होता. तो मी इथे देत नाही. बायकोनं त्याचा फोटो काढून ठेवलाय, आणि घरात कुठलाही विषय निघाला की तो तिला सापडतो.

त्याच संध्याकाळी साताऱ्याहून बाबांच्या मित्राचा, बँकेतल्याच निवृत्त साहेबांचा, व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होतो.

"वॉशिंग्टन पाहिलं का?" पलीकडून प्रश्न.

"पाहिलं की. व्हाइट हाउसच्या शेजारीच उतरलो होतो. चार ताऱ्यांचं हॉटेल. लॉबीत झुंबर, हे एवढं."

"मग फार पडलं असेल?"

बाबांनी आवाज खाली आणला. "निम्म्यात! 239 ची खोली 128 ला. त्याची एक ट्रिक आहे. नाव आधी सांगत नाहीत. तुमचा मुलगा डॅलसला आहे ना? त्याला सांगा, आमच्या मुलाला फोन कर म्हणावं."

कोचावरून आई मोठ्यानं म्हणाली, "आणि बर्फाचं सांगा!"

"हो, बर्फ फुकट होता," बाबा म्हणाले. "कधीही घ्या. चोवीस तास."